बिल्ला उलटा करून बघा

मंडळी, मागच्या विकांताला जालावर एक जाहिरात दिसली. शब्द साधारण असे: "मराठा पलटणीच्या ऑफिसरच्या टोपीचा दुर्मिळ बिल्ला, पहिलं महायुद्ध, अस्सल चांदी, आरशासारखी चमक." किंमत साडेचार हजार. खाली एकच फोटो, तोही समोरून.

एका ओळीत चार दावे आणि चारही खोटे. पहिलं महायुद्ध आणि मराठा पलटण हे दोन दावे तर फोटो मोठा करून बघितल्यावर दहा सेकंदांत निकाली निघाले. बिगुलाच्या वरचा मुकुट बघा. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंना खांदे उचललेले आहेत. हा दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या काळातला मुकुट. राणी गादीवर आली फेब्रुवारी १९५२ मध्ये. आपण प्रजासत्ताक झालो १९५० मध्ये, आणि २६ जानेवारीलाच आपल्या सैन्याच्या चिन्हांवरून मुकुट उतरून अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे हा मुकुट भारतातल्या कुठल्याही पलटणीने कधीच डोक्यावर घातलेला नाही. (ब्रिटिश सैन्यात गेलेल्या चार गुरखा रेजिमेंट्सची गोष्ट वेगळी. त्यांचा इथे संबंध नाही.) चांदी आणि ऑफिसर हे उरलेले दोन दावे पाठीचा फोटो मागितल्यावर गळून पडले. बिल्ला ओतीव, खडबडीत, आणि कडांना क्रोमसारखा निळसर रंग.

तरीही त्याच्यावर पाच जणांच्या बोली लागलेल्या होत्या.

माझं भांडण विकणाऱ्याशी नाही. खोटा माल विकणारे नाणकशास्त्राइतकेच जुने आहेत. भांडण आहे ते आपल्याशी. आपण म्हणजे पंचवीस ते चाळिशीतली, आयटीतली किंवा आयटीच्या आसपासची, महिन्याच्या शेवटी चार पैसे शिल्लक राहणारी मंडळी. आपण या छंदात उतरलो तेच मुळी "अॅसेट क्लास" हा शब्द तोंडात घेऊन. एक्सेल शीटमध्ये घेतल्याची किंमत, आजची किंमत, टक्केवारी. त्या शीटमध्ये "हा कुणाचा होता" असा एकही कॉलम नसतो. माझं म्हणणं असं, की ज्याला बिल्ला ओळखता येत नाही आणि ओळखायचाही नाही त्याने तो गोळा करू नये. आणि हे मी शुद्ध हौसेच्या कारणाने म्हणत नाहीये. आपण जे करतोय त्याने काही गोष्टी कायमच्या पुसल्या जाताहेत.

आधी ओळखणं म्हणजे काय ते बघू, कारण ते वाटतं तितकं अवघड नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना तर अजिबात अवघड जाऊ नये. पलटणींच्या नावांना चक्क आवृत्त्या आहेत. किचनरच्या १९०३ च्या फेरबदलात बॉम्बे इन्फन्ट्रीच्या आकड्यांत सरळ शंभर मिळवले गेले. तिसरी झाली १०३ वी, पाचवी झाली १०५ वी, दहावी झाली ११० वी, सतरावी झाली ११७ वी. १९२२ मध्ये पुन्हा मोडतोड झाली आणि १०३, १०५, ११०, ११६, ११७ या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री बनली. ११४ वी तिच्या प्रशिक्षणाची पलटण झाली. १९४५ मध्ये पुढचा पाचाचा आकडाही गेला. १९५० ला मुकुट गेला. म्हणजे बिल्ल्यावर किंवा खांद्याच्या पट्टीवर आकडा असेल, तर त्याच्या आयुष्याची सुरुवातीची आणि शेवटची तारीख तुमच्या हातात आली. ११७ व्या पलटणीला पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीसाठी १९२१ मध्ये "रॉयल" पदवी मिळाली आणि १९२२ मध्ये तिचा ११७ हा आकडाच गेला. त्यामुळे ११७ आणि रॉयल हे दोन्ही एकत्र असलेली वस्तू समोर आली की सावरून बसायचं. एकतर ती फारच मोलाची आहे, किंवा कुणीतरी पुस्तक वाचून बनवलेली आहे.

मुकुटांचंही तसंच. व्हिक्टोरियाचा मुकुट १९०१ पर्यंत. त्यानंतर १९५२ पर्यंत चार राजे झाले, आणि त्यांच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या. मग राणीचा दबका मुकुट. यात २०२२ पासून एक नवी मेख बसली आहे. तिसऱ्या चार्ल्सनी स्वतःसाठी पुन्हा तो घुमटाचा, ट्यूडर पद्धतीचा मुकुट निवडला. म्हणजे आज ब्रिटनमध्ये रीतसर तयार होणारे नवेकोरे बिल्ले वरवर बघता शंभर वर्षांपूर्वीच्या बिल्ल्यांच्या वळणाचे दिसणार. "घुमटाचा मुकुट म्हणजे जुना" हा आपल्या बाजारातला एकमेव सर्वज्ञात नियम त्यामुळे निकामी झालाय. जुना माल म्हणून हे इकडे येणार नाहीत असं ज्याला वाटत असेल त्याने जुन्या बाजारात एक रविवार घालवावा.

आता बिगुल. आपल्याकडे बिगुल दिसला की "मराठा!" म्हणून आरोळी ठोकतात. अहो, बिगुल हे लाइट इन्फन्ट्रीचं सार्वत्रिक चिन्ह आहे. डरहॅम, सॉमरसेट, यॉर्कशर, कॉर्नवॉल, सगळ्यांकडे कुठल्या ना कुठल्या रूपात बिगुल आहे. दोरीला टांगलेला अगदी साधा, अक्षर नाही की मुकुट नाही असा बिगुल असेल, तर तो ऑक्सफर्डशर अँड बकिंगहॅमशर लाइट इन्फन्ट्रीचा असण्याची शक्यता जास्त. गंमत अशी, की या पलटणीची पहिली बटालियन आणि आपली १०३ वी मराठा या दोघी सहाव्या पुणे डिव्हिजनच्या एकाच ब्रिगेडमध्ये होत्या, आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुतच्या वेढ्यात एकत्रच उपाशी राहिल्या. त्यामुळे पुण्यात असा साधा बिगुल सापडणं नवलाचं नाही. पण "ऑक्स अँड बक्स, ऑफिसरच्या कॉलरचा बिल्ला" असं कुणी विकायला आलं तर हसून पुढे जा. त्यांचे अधिकारी कॉलरवर बिल्ला लावतच नसत. तिथे पलटणीचं बटण आणि दोरीचा एक छोटा तुकडा असे, जुन्या गॉर्जेटची आठवण म्हणून.

कॉलरच्या बिल्ल्यांबद्दल अजून एक. हे बहुधा जोडीने असतात, एक डावा, एक उजवा, म्हणजे प्राणी किंवा मूर्ती असेल तर दोघांची तोंडं एकमेकांकडे. बाजारात जोड्या फोडून विकतात, कारण दोन सुटे विकले की जास्त सुटतात. मग कुणीतरी दोन डावे घेऊन काचेच्या फ्रेममध्ये लावतो आणि ते दोन सिंह एकाच दिशेला बघत जन्मभर रांगेत उभे. असो.

आणि पाठ! बिल्ल्याचं खरं बोलणं पाठीवर असतं. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचा उलटा खळगा स्वच्छ दिसतो. ओतीव नकलेत बारीक छिद्रं आणि रवाळपणा दिसतो, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षानंतर आपण कुणी हातात धरला नाही. इथे तो कामाला येतो. शिपायाच्या टोपीच्या बिल्ल्याला मागे बहुधा एक सरळ पट्टी असते, टोपीच्या घडीत सरकवायला. अधिकाऱ्याच्या बिल्ल्याला बहुधा कड्या असतात किंवा वाकवता येणारी मऊ पाती. "बहुधा" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अधिकारी आपले बिल्ले स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून किंवा जवाहिऱ्याकडून घेत. त्यामुळे दोन अस्सल बिल्ले तंतोतंत सारखे असतीलच असं नाही.

इथपर्यंत सगळं इंग्लिश पुस्तकांत मिळतं. ब्रिटिश बिल्ल्यांसाठी किपलिंग आणि किंग यांचा दोन खंडांचा कोश आहे (हा किपलिंग मोगलीवाला नव्हे). त्यातल्या क्रमांकाने जगभरचे लोक बिल्ला ओळखतात. आपल्याकडे अशोक नाथ यांनी घोडदळाच्या पलटणींवर "इज्जत" नावाचा मोठा ग्रंथ केलाय. पण हिंदुस्थानी पलटणींच्या बाबतीत एक अडचण आहे, आणि माझा सगळा त्रागा त्या अडचणीपाशी येतो.

हिंदुस्थानात सगळेच बिल्ले बर्मिंगहॅमहून येत नसत. कितीतरी पलटणींसाठी छावणीच्या बाजारातला सोनार किंवा तांबट ते करून देई. ते ओतीव असत, ओबडधोबड असत, मुकुट जरा वाकडा असे. आणि ते शंभर टक्के अस्सल असत, कारण ते माणसांनी खरोखर अंगावर घातले. म्हणजे वर सांगितलेली ओतीवपणाची कसोटी इथे पुरत नाही. १९१० मध्ये एखाद्या छावणीच्या बाजारात ओतलेला बिल्ला आणि २०१० मध्ये कुठल्यातरी गल्लीत ओतून रसायनाने काळवंडवलेला बिल्ला यांच्यात नुसत्या डोळ्यांनी फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. मग फरक कशाने ठरतो? तो कुठून आला यावरून. कुणाच्या पेटीतून, कुठल्या गावातून, सोबत काय होतं. डिस्चार्जचा कागद, फोटो, पगाराचं पुस्तक, खांद्याची पट्टी. इंग्लिश बिल्ल्याला पूर्वइतिहास नसला तरी कोश आहे. आपल्या बिल्ल्याला पूर्वइतिहास नसेल तर तो नुसता पितळेचा तुकडा आहे. डेटाबेसमधली एक ओळ, जिची फॉरेन की कुणीतरी नल करून टाकली.

आणि नेमकं तेच आपण करतोय, पैसे मोजून.

ऑफिसातल्या एका मित्राचे पणजोबा साताऱ्याकडचे, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेले. गावच्या घरी पत्र्याची ट्रंक होती. घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा एक विक्रेता येऊन ट्रंक बघून गेला. त्याने पितळी अक्षरांची पट्टी, दोन बिल्ले आणि पदक उचललं. कागद त्याला नको होते, म्हणून ते रद्दीत गेले. काकूंना मिळाले बाराशे रुपये. पदकाच्या कडेला सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, त्यामुळे ते निदान पुन्हा ओळखता येईल. बिल्ल्यांवर नाव नसतं. ते आज कुणाच्यातरी फ्लॅटमध्ये काळ्या मखमलीवर चमकत असतील, खाली सोनेरी अक्षरांत "ऑफिसर, दुर्मिळ" अशी पट्टी. पणजोबा शिपाई होते, हो. ऑफिसर नव्हते.

हे "ऑफिसर" प्रकरणही एकदा बोलून टाकू. आपल्या बाजारात ऑफिसर हा शब्द लागला की किंमत चौपट होते. पण १९१८ च्या आधी हिंदुस्थानी पलटणीत राजाची सनद असलेला लढाऊ अधिकारी म्हणजे जवळपास नेहमीच गोरा माणूस. आपले सुभेदार, जमादार अनुभवाने कितीही मोठे असले तरी नव्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच. सँडहर्स्टचं दार हिंदी पोरांना उघडलं ते त्या युद्धाच्या शेवटी, आणि डेहराडूनची अकादमी आली १९३२ मध्ये. बहुतेक पलटणींत शिपायाच्या डोक्यावर पगडी किंवा फेटा. त्याची ओळख असे ती खांद्यावरच्या पितळी आकड्या-अक्षरांत. म्हणजे तुम्ही "माझ्या मातीचा लष्करी वारसा" म्हणून साहेबाच्या टोपीवरची चांदी जपताय, आणि ज्याच्यावर तुमच्या तालुक्यातला माणूस ओळखला जात होता ती पितळी पट्टी मोडीत वजनावर जातेय. साहेबाचे बिल्ले गोळा करू नका असं मी म्हणत नाही. मीही करतो, ते सुंदर असतात. पण मग वारसा वगैरे शब्द जपून वापरा.

दुसऱ्या टोकाला आमचे काही परममित्र आहेत, ज्यांच्या मते हे सगळं गुलामीचं भंगार, वितळवून टाका. त्यांना एक तारीख सांगतो. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढत, रस्ता मोकळा करत पुढे गेले ते बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. स्वतंत्र भारताचं सैन्य, स्वतंत्र भारताचं युद्ध. परमवीर चक्र तेव्हा अस्तित्वातच नव्हतं; ते स्थापन झालं २६ जानेवारी १९५० ला, १५ ऑगस्ट १९४७ पासून मागे लागू करून. आणि सैन्याच्या चिन्हांवरचा मुकुट उतरला तोही त्याच दिवशी. म्हणजे काश्मीरचं पहिलं युद्ध आपण मुकुटाखालीच लढलो. त्या अडीच वर्षांतला मुकुटाचा बिल्ला वितळवायचा की ठेवायचा? आणि तो त्या अडीच वर्षांतला आहे की १९३० चा, हे वितळवणाऱ्याला कळणार कसं?

किंवा महार रेजिमेंट घ्या. आधी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. मग १९४१ मध्ये बेळगावला रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, तेव्हाच्या तिच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो गेला. आज तिथे एकमेकांवर ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशिनगन्स आणि खंजीर आहे. स्तंभाचा बिल्ला हातात घेणाऱ्याला त्यात काय दिसेल ते ज्याच्या त्याच्या घरच्या इतिहासावर आहे. पण तो मोडीत टाकायचा अधिकार ना माझा, ना तुमचा.

आता ब्रासो. हे वाचून काही लोक दुखावतील, दुखावू देत. अधिकाऱ्यांच्या सर्व्हिस ड्रेसवरचे कांस्याचे बिल्ले मुद्दाम गडद तपकिरी केलेले असत, चमकू नयेत म्हणून. त्यांना घासून "सोन्यासारखे" करणारे महाभाग मी पाहिलेत. सोन्याचा मुलामा दिलेल्या बिल्ल्यावर थर इतका पातळ असतो, की चार वेळा घासलं की तो फडक्यात. शिपायाने नोकरीत रोज घासून गुळगुळीत केलेला बिल्ला मी समजू शकतो. त्याला हवालदाराची भीती होती. तुम्हाला कुणाची आहे? खळग्यात साचलेला तो काळा मळ, कड्यांभोवतीचं जुनं डाग दिलेलं कथील, दुरुस्तीच्या खुणा, हीच तर ओळखायची साधनं. सर्व्हरच्या लॉग फाइल्स "दिसायला घाण दिसतात" म्हणून कुणी डिलीट केल्या तर आपण त्याला टीममध्ये ठेवू का?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे बाबा, आम्ही काय इतिहासकार आहोत का? शोकेसमध्ये छान दिसतं म्हणून घेतो." ठीक आहे. मग नकला घ्या! खरंच सांगतो, छान, स्वच्छ, नवी नक्कल दोनशे रुपयांत मिळते, हवी तितकी घासा. माझा आक्षेप इतकाच, की अस्सल वस्तू शोभेसाठी घ्यायची, अस्सलपणाचे पैसे मोजायचे आणि अस्सलपणाचा पुरावा मात्र स्वतःच्या हाताने घासून टाकायचा, याला काय अर्थ आहे?

हे सगळं चार पितळी तुकड्यांसाठी इतक्या तावातावाने का, असं विचाराल. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत फिरलात तर चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीवर छोटी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यातले इतके परतले नाहीत. दोन आकडे. नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीगणिक नुसते आकडे दिले गेले. मेलेल्यांची नोंद करताना हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना वेगळी वागणूक दिली, हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या समितीच्या अहवालावरून मान्य केलं आणि माफी मागितली. म्हणजे साम्राज्याने या माणसांचे आकडे केले, आणि जिथे क्वचित नाव, गाव, पलटण आणि वस्तू एकत्र उरली होती, त्या ट्रंका आपण फोडतोय. एक-एक बिल्ला वेगळा काढून, घासून, फ्रेम करून.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण हल्ली परदेशी गिऱ्हाईक शोधायची चढाओढ आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. १०३ किंवा ११० आकड्याची पट्टी आता शंभरी पार करून बसली आहे. पाकिटावर "फॅशन ज्वेलरी" लिहून पोस्टात टाकणाऱ्यांनी हे वाचावं. आणि हो, बिल्ला लावून फौजी असल्याचा आव आणणं हाही गुन्हा आहे, तेव्हा जॅकेटवर मिरवायच्या आधी विचार करा.

तर घरात असं काही असेल, तर विकायच्या आधी, हवं तर विकाच, पण आधी, पुढून आणि पाठीमागून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. ज्यांना आठवतं त्या आजींना, काकूंना विचारून एका कागदावर पेन्सिलीने लिहा: नाव, गाव, पलटण, कधी गेले, कधी आले. "बहुतेक" असेल तर बहुतेक लिहा. विकत घेणार असाल तर पहिला प्रश्न किंमत नव्हे, "कुणाच्या घरातला?" हा विचारा. दहापैकी नऊ विक्रेते खांदे उडवतात. दहावा सांगतो, आणि त्याच्याकडून मी दुप्पट पैसे देऊन घेतो. कागद आणि बिल्ला एकाच कागदी पाकिटात ठेवा. नाण्यांच्या अल्बमची मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत. त्यात काही वर्षांनी तांब्या-पितळेवर हिरवा चिकट थर चढतो, आणि मग तुम्ही पुन्हा ब्रासो शोधायला लागाल.